पार्ल्याचा इतिहास जपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विले पार्ल्यातल्या जुन्या आठवणी, फोटो आणि कागद गोळा करणारा आमचा छोटा गट आहे. गेटवर, लायब्ररीत, लग्नाच्या पंगतीत लोक आम्हाला थांबवून जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही नक्की करता काय? तुमचं वस्तुसंग्रहालय आहे का?

नाही. आमच्याकडे दोन कपाटं, एक स्कॅनर आणि बरीच माणसं आहेत. लोकांच्या घरचे फोटो, पत्रं, आमंत्रणपत्रिका, पावत्या आम्ही स्कॅन करून परत देतो. वयस्कर पार्लेकरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतो. पाडायला निघालेल्या इमारतींचे फोटो काढून ठेवतो. आणि या सगळ्याची यादी करतो. यादी हेच खरं काम आहे, कारण नाव, जागा आणि साल नसलेला फोटो वीस वर्षांनी कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

२. पार्ल्याला कसला आलाय इतिहास? शंभर वर्षांपूर्वी इथे भातखाचरंच होती ना?

भातखाचरं होती हाही इतिहासच. ती कुणाची होती, कसणारे कोण होते, खोती (सारा वसुलीचा हक्क) कुणाकडे होती, ती कधी आणि कुणाला विकली गेली, हे कळलं तर आजच्या गल्ल्या अशा वाकड्या का वळतात ते कळतं.

पण मागे जायचंच असेल तर बरंच मागे जाता येतं. पार्लं साष्टी बेटावर आहे. शेजारच्या अंधेरीत महाकालीची, म्हणजे कोंडिवट्याची, बौद्ध लेणी आहेत आणि त्यापुढे जोगेश्वरीची शैव लेणी. १५३४च्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, १७३७मध्ये मराठ्यांनी ती घेतली आणि १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी. गावठाणातली ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाची) घरं आणि रस्त्याकडेचे क्रूस या लांबलचक काळाची आठवण ठेवून उभे आहेत.

आज आपण ज्याला 'पार्लं' म्हणतो, ते मात्र विसाव्या शतकातलं. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. लोकमान्य त्याच वर्षी गेले, आणि पुढच्या वर्षी, १९२१मध्ये, त्यांच्या नावाने पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं. १९२३मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. १९२९मध्ये पार्ले कंपनीचा, पुढे बिस्किटांसाठी ओळखला गेलेला, कारखाना आला. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याची छावणी मुंबई परिसरातलं मोठं केंद्र होती आणि जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला यांच्यासारखी माणसं तिथे होती. मुंबई महापालिकेची हद्द आपल्यापर्यंत आली ती १९५०मध्ये. म्हणजे महापालिका पोचायच्या आधीच इथल्या लोकांनी आपली शाळा, आपली संस्था आणि आपली छावणी उभी केली होती. मला पार्ल्याबद्दल सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो याचा.

३. 'विले पार्ले' हे नाव कसं पडलं?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो. विर्लेश्वर आणि पार्लेश्वर या दोन देवळांवरून नाव आलं, असं काही घरांत सांगतात. गावठाणातली माणसं इर्ले आणि पाडले अशा दोन गावांची जोडी सांगतात. कुणी 'विले'चा संबंध गाव या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाशी जोडतं. आम्ही तिन्ही गोष्टी नोंदवल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे ती कुठल्या आळीत, कुणाकडून, कोणत्या साली ऐकली ते लिहिलं आहे. नावाची गोष्ट कोण कशी सांगतं, यावरून सांगणारा गावाच्या कोणत्या भागातला आहे हे पुष्कळदा ओळखता येतं. म्हणून त्यातली एकच निवडून बाकीच्या टाकून देणं आम्हाला पटत नाही.

४. माझ्याकडे जुने फोटो आहेत. देऊन टाकू का?

देऊन टाकू नका. मूळ फोटो तुमच्या घरातच शोभतो. आम्ही घरी येऊन किंवा तुमच्यासमोर स्कॅन करतो, एक प्रत तुम्हाला देतो आणि फोटो तिथल्या तिथे परत करतो.

तोपर्यंत एवढं सांभाळा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका. दाब पुढे उमटतो आणि शाई झिरपते. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. लॅमिनेशन करू नका आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि मग ती फोटोचा पापुद्रा घेऊनच निघते. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढण्यापेक्षा पानासकट स्कॅन केलेला बरा. पावसाळ्यात ट्रंका उघडून बसू नका. दमट हवेत बुरशी धरते. दिवाळीनंतरचे कोरडे महिने या कामाला उत्तम. कसर किंवा वाळवी दिसली तर ती पेटी आधी बाकी कागदांपासून वेगळी करा.

५. फोटोतली माणसं घरात कुणालाच ओळखता येत नाहीत. ठेवून काय उपयोग?

उपयोग आहे. माणूस ओळखू आला नाही तरी काळ ओळखता येतो. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे का, मागे दुकानाची पाटी दिसते का, ते पाहा. गाडीच्या पाटीवर 'एमएच' असेल तर फोटो १९८८च्या मोटार वाहन कायद्यानंतरचा. फोटोबरोबरच्या पावतीवर आणे-पै असतील तर ती बहुधा १९५७च्या आधीची, कारण त्या वर्षीच्या एप्रिलपासून दशमान नाणी आली. पाकिटावर नुसतं 'मुंबई ५७' असेल तर ते बहुतेक १९७२च्या आधीचं, कारण सहा आकडी पिनकोड त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाला. लेटरहेडवरचा मुंबईचा फोन नंबर आठ आकडी असेल तर तो २००२ किंवा त्यानंतरचा. सवयीने काही लोक जुनी पद्धत पुढेही वापरत राहत, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका.

एवढं करूनही ओळख लागली नाही तर फोटो आमच्याकडे आणा. असे अनोळखी फोटो आम्ही गणपतीत भिंतीवर लावतो. एकदा एक आजी एका फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ही आमची विहीर." माणसं कुणी ओळखली नव्हती, पण त्या विहिरीवरून वाडी सापडली आणि वाडीवरून तीन घरं.

६. आजीच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत. कसं विचारू?

आधी काय विचारू नये ते सांगतो. "जुनं पार्लं कसं होतं?" असं विचारू नका. उत्तर येतं, "छान होतं, शांत होतं, झाडं होती." सगळे हेच सांगतात आणि आपल्या हाती काहीच लागत नाही.

त्याऐवजी हाताला लागेल असं विचारा. पाणी कुठून आणायचात? विहीर कुणाची होती, आणि तिथे कुणाला येऊ देत नसत? घरात वीज कधी आली, पहिला दिवा कुठल्या खोलीत लागला? स्टेशनवर जायला कुठून वळायचात? बिस्किटांच्या कारखान्याचा वास कुठपर्यंत यायचा? (हा शेवटचा प्रश्न विचारला की प्रत्येक जण हसतो आणि बोलायला लागतो. कारखान्यातलं उत्पादन २०१६मध्ये थांबलं, पण तो भाजका वास अजून पुष्कळांच्या नाकात आहे.) पहिला पगार किती, आणि त्यातलं घरी किती द्यायचात? बाळंतपण घरी झालं की दवाखान्यात?

कागदावर घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायला सांगा. चित्र जमलं नाही तरी हात फिरायला लागला की माणसं आपोआप आठवतात. जुना फोटो हातात द्या आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड, पण सगळ्यात चांगल्या गोष्टी त्या शांततेनंतरच येतात.

आता तांत्रिक भाग. पंखा बंद करा, कुकरची वेळ टाळा, फोन विमान मोडवर टाका आणि सांगणाऱ्याच्या अगदी जवळ ठेवा. सुरुवातीला तारीख, जागा आणि दोघांची नावं मोठ्याने बोला. पाऊण तासात थांबा आणि चार-आठ दिवसांनी परत जा. पहिल्या दिवशी विसरलेलं रात्री झोपेत आठवलेलं असतं.

आणि एक विनंती. आजी-आजोबा दोघंही असतील तर आजींशी वेगळं बसा. शेजारी आजोबा असले की त्या "हेच सांगतील" म्हणून थांबतात. तारखा नि पुढारी आजोबांना माहीत असतात. घरात किती माणसं जेवायची, कोण कुणाकडे शिकायला राहिलं होतं, सत्याग्रहींसाठी भाकऱ्या कुणी भाजल्या, हे आजींना माहीत असतं. आमच्या पहिल्या वर्षीच्या मुलाखतींत बायका फार कमी आहेत. ती चूक आम्ही अजून भरून काढतो आहोत, आणि त्यातल्या काही जणी आता भेटणार नाहीत.

७. आठवण एक सांगते आणि कागद दुसरं. खरं काय मानायचं?

दोन्ही जपायचं, पण वेगवेगळ्या रकान्यात. माणसाची स्मृती साल विसरते आणि दोन प्रसंग एकात मिसळते. १९३०चा सत्याग्रह आणि १९४२चं आंदोलन एकाच श्वासात सांगणारे आम्हाला अनेक भेटले. साल कागदावरून घ्या. पण पोलिस आले तेव्हा दार कुणी उघडलं, हे कागद सांगणार नाही. कागदही चुकतो. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख कित्येकदा मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते. 'आजोबांच्या सांगण्याप्रमाणे' आणि 'मालमत्ता पत्रकाप्रमाणे' असं स्पष्ट लिहिलं की पुढचा वाचक स्वतः ठरवू शकतो.

८. आमच्या प्लॉटचे जुने कागद कुठे मिळतील?

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. खरेदीखत, भाडेपावत्या, सोसायटीची पहिली इतिवृत्त वही. नंतर नगर भूमापन कार्यालयात सीटीएस क्रमांकावरून (म्हणजे नगर भूमापन क्रमांकावरून) मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मिळतं. ज्या भागात शेती होती तिथला जुना सातबारा आणि फेरफार मागा. व्यवहार कधी झाला ते दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक दोनमध्ये (इंडेक्स टू) सापडतं. १९२०च्या आधीचं शोधताना लक्षात ठेवा की तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. मुंबईच्या कागदांत काही मिळालं नाही म्हणून निराश होऊन परतणारे खूप. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. आणि गावांचं जुनं वर्णन हवं असेल तर १८८२मध्ये छापलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर जरूर चाळा.

९. कागद मोडीत आहेत. कोण वाचून देईल?

पत्रं, हिशेबाच्या वह्या असं काही असेल तर आमच्यातले दोघे-तिघे वाचतात. वेळ लागतो, कारण प्रत्येक कारकुनाचं मोडी वळण वेगळं. कोर्टात किंवा मालकीच्या वादात दाखवायचं असेल तर आमचं वाचन चालणार नाही, अधिकृत लिप्यंतरकाराकडे जा. शिकायची हौस असेल तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. तरुण मुलांनी शिकावं असं मनापासून वाटतं. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती, म्हणजे तुमच्या पणजोबांची सही बहुधा मोडीतच असेल.

१०. आमची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. तुम्ही ती थांबवू शकता का?

नाही, आणि थांबवायला गेलो तर तुमच्यावर अन्याय होईल. गळकी गच्ची, लिफ्ट नसलेला तिसरा मजला, वाकलेले गुडघे आम्हालाही दिसतात. त्यात विमानतळ शेजारी असल्याने इथे उंचीची मर्यादा आहे, त्यामुळे पार्ल्यातल्या कित्येक सोसायट्या वर्षानुवर्षं अडकल्या आहेत. त्यांना चांगलं घर मिळावं.

आमची मागणी एवढीच की चाव्या द्यायच्या आधी एक रविवार आम्हाला द्या. जिन्याखालची नावांची पाटी, पत्रपेट्यांची रांग, गॅलरीचे कठडे, मोझेकच्या फरश्या, न्हाणीघरातलं तांब्याचा बंब ठेवायचं ठिकाण, मागच्या अंगणातलं तुळशीवृंदावन, हे सगळं टिपून घेऊ. प्रत्येक घराचा दरवाजा उघडा ठेवून एक फोटो आणि घरातली माणसं दारात उभी असलेला एक. मोजमापं घेऊन साधा नकाशाही काढतो. सोसायटीची पहिली वही आणि मूळ नकाशा बिल्डरकडे जाऊ देऊ नका. स्थलांतराच्या गडबडीत सगळ्यात आधी हरवतात ते हेच कागद, आणि नंतर ते कुणाकडेच सापडत नाहीत.

११. आमचं घर 'हेरिटेज' ठरवून घेता येईल का? मग दुरुस्तीही करता येत नाही म्हणतात.

यादी सरकार अधिसूचित करते. आपण सुचवू शकतो, ठरवू शकत नाही. मुंबईला वारसा नियमावली १९९५मध्ये मिळाली आणि सल्ला देण्यासाठी वारसा संवर्धन समिती आहे. वास्तूंच्या श्रेणी तीन. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळजवळ वाव नाही, दुसऱ्या श्रेणीत मर्यादित आहे आणि तिसरीत बराच आहे. दुरुस्ती कुठल्याच श्रेणीत बंद नसते, फक्त कोणती आणि कशी याला परवानगी लागते. केंद्राच्या संरक्षित स्मारकाजवळ राहत असाल तर प्रकरण वेगळं. २०१०च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मना आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. लेण्यांच्या आसपासच्या सोसायट्यांनी हे आधी तपासावं.

१२. पाया खोदताना मूर्ती, कोरीव दगड किंवा नाणी निघाली तर?

काम तिथे थांबवा. वस्तू जशी आहे तशी, शेजारी पट्टी किंवा वहीसारखी मापाची वस्तू ठेवून, फोटो काढा. धुऊ नका, घासू नका, शेंदूर लावू नका. किती खोलीवर आणि कुठल्या कोपऱ्यात सापडली हे लिहा. दगड हलला की त्याची निम्मी माहिती जाते. नंतर जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची खबर देणं बंधनकारक आहे. कळवलं म्हणजे प्लॉट जातो, ही भीती अनाठायी आहे.

साष्टीत हे काही दुर्मीळ नाही. बोरिवलीच्या एकसरला शिलाहार काळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड, आहेत आणि त्यांतल्या काहींवर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे. ठाणे आणि साष्टीच्या परिसरात गधेगळही मिळतात. दान मोडणाऱ्याला शाप देणारे हे दगड, त्यावरचं चित्र पाहून लोक लाजतात आणि कुठेतरी पुरून टाकतात. कृपा करून पुरू नका.

१३. देवघरात पणजोबांची पोथी आणि पितळी मूर्ती आहे. घरात ठेवणं बेकायदा आहे का?

ठेवणं बेकायदा नाही. १९७२च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनी महत्त्वाची हस्तलिखितं येतात. काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते, व्यापाराला परवाना लागतो आणि परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाकडे जाताना पोथी बॅगेत टाकणारे घरोघरी आहेत, त्यांनी थांबावं. फोटो किंवा स्कॅन न्यायला काहीच हरकत नाही. जमिनीतून निघालेली वस्तू असेल तर प्रश्न १२ पाहा.

१४. फोटो तुम्ही स्कॅन केला. उद्या कुणी छापला तर हक्क कुणाचा?

पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. बाकी फोटोंचा छायाचित्रकाराचा. आम्ही तुमच्या लेखी संमतीशिवाय काहीही छापत नाही. मुलाखतीसाठीही संमतीपत्र असतं. त्यात 'सगळ्यांसाठी खुलं', 'फक्त अभ्यासकांसाठी' आणि 'माझ्या पश्चात' असे तीन पर्याय आहेत. बोलून झाल्यावर एखादा भाग काढून टाकावासा वाटला तर सांगा, वाद घालणार नाही.

१५. भाऊबंदकी, कुणाला विहिरीवर मज्जाव, कुणाचं दारूचं व्यसन. असल्या गोष्टी कशाला उगाळायच्या?

जिवंत माणसाला लाज वाटेल असं खासगी काही आम्ही खुलं ठेवत नाही. पण विहिरीवरचा मज्जाव खासगी नव्हता. तो गावाचा व्यवहार होता आणि नोंदीत राहणारच. अपमान सोसलेल्यांच्या नातवंडांना तो वाचायचा हक्क आहे.

१६. पार्लं म्हणजे टिळक मंदिर, नाटक, दिवाळी अंक. गावठाण, कारखाना, झोपडपट्टी यांचा त्यात काय संबंध?

संबंध पुरता आहे. शाळा नि व्याख्यानमाला यांचे कागद व्यवस्थित जपले गेले, कारण लिहिणारे लोक तिथेच होते. बिस्किटांच्या पाळीत उभं राहिलेल्या बायका, गावठाणातले ईस्ट इंडियन शेतकरी, किनाऱ्याकडचे कोळी, व्यापारी गुजराती कुटुंबं, घरोघरी धुणीभांडी केलेल्या मावशी यांनी स्वतःबद्दल फार लिहून ठेवलं नाही. म्हणून मुलाखतींसाठी आम्ही आधी त्यांच्याकडे जातो. पु. ल. देशपांडे याच गावात वाढले आणि पार्ले टिळकमध्ये शिकले, याचा आम्हालाही तितकाच आनंद आहे. पण त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. कारखान्यातल्या पगाराच्या जुन्या चिठ्ठीबद्दल मात्र आम्हीच लिहिलं तर लिहिलं.

१७. आमच्या उपनगरात असा गट काढायचा आहे. नोंदणी लागते का?

सुरुवातीला नाही. दोन माणसं, एक वही आणि आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ पुरते. देणग्या घ्यायच्या, जागा मागायची वेळ आली की १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि पुढे धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १९१०मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं आणि कागदांसाठी ते स्वतः गावोगाव फिरले.

पहिल्या दिवसापासून फक्त दोन गोष्टी करा. प्रत्येक स्कॅनला क्रमांक द्या आणि सगळ्याच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. आमच्या एका सभासदाची हार्डडिस्क बंद पडली तेव्हा आमच्याकडे दुसरी प्रत नव्हती. चाळीस मुलाखतींपैकी अकरा गेल्या. त्यातल्या सहा जणांकडे आम्ही परत जाऊन बसलो. पाच जण तोवर राहिले नव्हते.

१८. आम्ही पार्लं सोडून वीस वर्षं झाली. आता पुण्यात असतो. आमचा काही उपयोग?

आहे, आणि मोठा. गाव सोडताना ट्रंक बरोबर गेलेली असते. ती उघडा, वर सांगितल्याप्रमाणे (प्रश्न ४) सांभाळून फोटो काढा आणि पाठवा. कुठल्या घरात, कोणत्या मजल्यावर राहत होतात आणि समोर कोण राहायचं, एवढ्या तीन ओळी लिहा. समोरच्यांची ट्रंक कदाचित नागपुरात असेल, पण त्यांना शोधायला आम्हाला तुमच्याच ओळी लागतील.